बहात्तर

शिनासच्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी
मुराद शाहदाद येतो, सगळ्यांत शेवटी.
शेवटी का, हे त्याला कुणी सांगितलेले नाही.
त्याच्या फाइलच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका आहे,
टिकलीएवढा,
आणि त्या टिकलीला आम्ही सगळ्याजणी वाट देतो.

खुर्ची त्याची खिडकीकडची. तो उठला की
स्पिरिटचा बोळा फिरतो तिच्या हातांवरून,
तो दाराशी पोचायच्या आधीच.
रक्त काढताना मी हातमोज्यावर हातमोजा चढवते.
एक पुरतो. मिरजेला पहिल्याच वर्षी शिकवले होते
आणि त्या पेपरात मी पहिली आले होते.

पण कबूल करायचे ते हे नाही.

गोष्ट नाडीची आहे.
नाडीला हातमोजा लागत नाही. नाडीला
तीन बोटे लागतात आणि एक मिनिट.
मी त्याच्यापुढे उभी राहायची, घड्याळाकडे बघायची
आणि रकान्यात लिहायची, बहात्तर.
सात खेपा. सातही वेळा बहात्तर.
चांगला आकडा आहे. कुणी शंका घेत नाही.

तो खजूर आणायचा, घरच्या झाडाचे,
खलास जातीचे, जाळीच्या पिशवीत.
बाकी पेशंटांचे खजूर आम्ही चहाबरोबर खातो.
त्याचे लिसी पिवळ्या पिशवीत टाकायची,
पट्ट्या-बोळ्यांच्या संगतीला.
"खलास!" म्हणायची, आणि आम्ही हसायचो.
मीसुद्धा.
मी, जिच्या आज्याचा कप
जयसिंगपूरच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा
आणि चहा पिऊन आज्या तो स्वतःच विसळून
परत टांगायचा.

आठव्या खेपेला फरशी ओली होती.
त्याच्या पाळीच्या दिवशी ती दोनदा पुसतात.
मुराद घसरला. मी मनगट धरले,
उघड्या हाताने, विचार करायला सवडच नव्हती,
आणि बोटे, मला न विचारता,
आपल्या जागी जाऊन बसली,
अंगठ्याच्या मुळाशी, जाळ्याच्या दोराने
राठ झालेल्या कातडीवर.

नाडी धावत होती, अडत होती,
दोन ठोके गिळून तिसऱ्याला उडी मारत होती,
वाडीतल्या दगडांवरून जाणाऱ्या पिकअपसारखी.
मी पूर्ण मिनिट मोजले. मग आणखी एक.
"सिस्टर, घड्याळ बंद पडलं का?" मुराद म्हणाला.
एकशे बारा. तेही धड नाही.

डॉक्टर हातिमनी ईसीजीची पट्टी उजेडात धरली.
"हे कधीपासून?"
फाइल उघडीच होती. बहात्तर, बहात्तर,
अक्षर माझे, मोत्यासारखे.
फाइलच्या मते आजपासून.
मारीविक माझ्याकडे बघत नव्हती. ती बघत होती
शेजारच्या रकान्याकडे, स्वतःच्या.
एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी.
"माहीत नाही," मी म्हणाले. "मोजलंच नव्हतं."
एसी एवढा मोठ्याने चालतो
हे मला तेव्हा कळले.

मुरादला इंग्रजी वाचता येत नाही.
त्याने फाइलकडे पाहिले, मग माझ्याकडे,
आणि मनगट पुन्हा पुढे केले.
मोजायला दिले, की दाखवायला,
मला अजून ठरवता आलेले नाही.

आज त्याची पिशवी चहाच्या टेबलावर आहे.
सकाळपासून. गाठ तशीच.
लिसी येते, साखर घेते, जाते.
दुपारी मी गाठ सोडली, एक खाल्ला.
गोड. दाताखाली थोडी रेती.
बी कुठे टाकावी सुचेना, ती एप्रनच्या खिशात राहिली.
पुढच्या बाईची नाडी
बहात्तर आली.
मी पुन्हा मोजली.